पोलिसांविरुद्धचा नुकसानभरपाईचा दावा खारीज झाल्यावर अपिलाचा विचार कसा करावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. जून २०१९ मध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, शेजाऱ्याशी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भांडण झाले आणि तुम्ही ट्रॅक्टरने धुरा नांगरून टाकला अशी तक्रार त्याने ठाण्यात दिली. तुम्हाला दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले, जमादाराने (हेड कॉन्स्टेबलने) मारहाण केली आणि ट्रॅक्टर जप्त झाला. न्यायालयाने जुलैमध्ये ट्रॅक्टर सुपूर्तनाम्यावर (सांभाळण्याच्या लेखी हमीवर) सोडण्याचा आदेश दिला, पण प्रत्यक्ष ताबा सप्टेंबरमध्ये मिळाला आणि तेव्हा बॅटरी व दोन टायर गायब होते. मार्च २०२३ मध्ये फौजदारी खटल्यातून तुमची निर्दोष सुटका झाली. जानेवारी २०२४ मध्ये तुम्ही महाराष्ट्र शासन, ठाणेदार, जमादार आणि तो शेजारी अशा चौघांविरुद्ध सहा लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि तुमची साक्ष होण्यापूर्वीच ‘दावा मुदतबाह्य आहे व नोटीस कायद्याप्रमाणे नाही’ असे म्हणून तो खारीज झाला. त्या निकालाला आता एकोणीस दिवस झाले आहेत. अपील करता येते का, त्यासाठी नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जावे लागते का, की नव्याने दावा लावलेला बरा, असे तुम्ही विचारले आहे.

अपील करता येते, आणि तुमच्या दाव्याची किंमत पाहता त्यासाठी नागपूरला जाण्याची गरज नाही. पण तुमच्या लिहिण्यातला रोख पोलिसांनी काय केले यावर आहे, आणि अपिलात सुरुवातीला त्याला फारसे महत्त्व नसते. अपील हे पोलिसांच्या वागण्याविरुद्ध नसते. ते निकालपत्रात दिलेल्या कारणांविरुद्ध असते. तुमच्या बाबतीत न्यायालयाने मारहाण झाली की नाही याचा विचारच केलेला नाही, कारण मुदत आणि नोटीस या दोन दारांवरच दावा अडवला गेला. म्हणून ती दोन दारे उघडतात का, आणि उघडली तर कोणत्या मागणीपुरती उघडतात, एवढाच आजचा प्रश्न आहे.

त्याआधी दिवसांचे बघू, कारण तिथे हलगर्जी झाली तर पुढचे सगळे व्यर्थ जाईल. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ११६ प्रमाणे जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाच्या) तारखेपासून ३० दिवस आहे, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालपत्र आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला वेळ कलम १२ नुसार या हिशेबातून वगळला जातो, मात्र तो नकलेचा अर्ज दिल्याच्या दिवसापासूनच. अर्ज देण्यापूर्वीचे दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. तुम्ही नकलेसाठी अजून अर्ज केलेला दिसत नाही; मोबाईलवर उघडलेला आदेश म्हणजे प्रमाणित प्रत नव्हे. उद्याच्या पहिल्या एसटीने जा आणि नक्कल शाखेत निकालपत्र व हुकूमनामा या दोन्हींसाठी अर्ज द्या, सोबत वादपत्र (तुमचा लेखी दावा), प्रतिवादींचा लेखी जबाब, दावा खारीज करण्यासाठी त्यांनी दिलेला अर्ज आणि रोजनामा (दर तारखेच्या कामकाजाची नोंद) यांच्याही नकला मागा. अर्जाची पोच सांभाळून ठेवा. पेरणी किंवा वेचणीच्या दिवसांत ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ असे म्हणण्यात गेलेले दिवस मी फार पाहिले आहेत. विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि १९८७ सालच्या कातिजी प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने त्याकडे उदारपणे पाहावे असे सांगितलेलेही आहे. पण त्या अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे, सुनावणी, आदेश यांत कित्येक महिने सहज जातात आणि तोवर मूळ अपिलाला हातही लागत नाही.

आता अपील कुठे करायचे ते. शासन प्रतिवादी आहे म्हणून प्रकरण आपोआप उच्च न्यायालयात जात नाही. दिवाणी न्यायाधीशाच्या निकालावरचे पहिले अपील कुठे जाते हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते, आणि सहा लाखांच्या दाव्याचे अपील जिल्हा न्यायालयातच चालते. पुसद, अचलपूर, खामगाव यांसारख्या ठिकाणी जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायाधीशांचे न्यायालय तिथेच असल्याने जिल्ह्याच्या गावीही जावे लागत नाही. तुमच्या तालुक्यासाठी कोणते न्यायालय आहे हे स्थानिक वकील लगेच सांगतील. नागपूर खंडपीठाचा प्रश्न दुसऱ्या अपिलाच्या वेळी येतो, आणि दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते.

दावा ‘खारीज’ झाला असे आपण सगळेच म्हणतो, परंतु त्या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळे आदेश असू शकतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. तारखेला कोणी हजर नव्हते म्हणून दावा काढून टाकला असेल, तर त्यावर अपील होत नाही. त्याच न्यायालयात ३० दिवसांत दावा पुन्हा नंबरावर घेण्याचा अर्ज करावा लागतो. न्यायालयाला अधिकार नाही म्हणून वादपत्र परत दिले असेल, तर ते योग्य न्यायालयात दाखल करायचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्रच नामंजूर झाले असेल, तर तो आदेश कायद्याने हुकूमनामा मानला जातो आणि त्यावर कलम ९६ खाली पहिले अपील होते. मुदतीचा मुद्दा प्राथमिक म्हणून काढून त्यावर दावा निकाली काढला असेल, तरीही अपीलच होते. तुमची साक्ष झालेली नाही आणि आदेशाच्या शेवटच्या ओळीत मुदत व नोटीस यांचाच उल्लेख आहे, त्यावरून हा बहुधा नियम ११ चा आदेश असावा असे मी धरून चाललो आहे. नक्कल हातात आल्यावर हे आधी पडताळून घ्या.

नियम ११ चा आदेश असेल तर तुमच्या बाजूने दोन भक्कम गोष्टी आहेत. पहिली अशी की या टप्प्यावर न्यायालयाने फक्त वादपत्रातील मजकूर खरा धरून पाहायचे असते. प्रतिवादींचा लेखी जबाब किंवा त्यांनी दाखल केलेले कागद विचारात घ्यायचे नसतात. निकालपत्रात ‘स्टेशन डायरीवरून असे दिसते की’ किंवा ‘प्रतिवादींच्या म्हणण्यानुसार’ अशी वाक्ये आढळली, तर ती खुणा करून ठेवा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. वादपत्र तुकड्यांत नामंजूर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सेजल ग्लास प्रकरणात २०१७ साली स्पष्ट केले आहे. तुमच्या चार मागण्यांपैकी (अटकाव, मारहाण, ट्रॅक्टर आणि खोटा खटला) एक जरी मुदतीत असेल, किंवा चार प्रतिवादींपैकी एकाविरुद्ध जरी दावा चालण्याजोगा असेल, तरी संपूर्ण वादपत्र चौकशीसाठी पुढे गेले पाहिजे. म्हणून आता प्रत्येक मागणीचे घड्याळ स्वतंत्रपणे पाहणे भाग आहे, आणि माझ्या मते कनिष्ठ न्यायालयाने नेमके हेच केलेले नसावे.

बेकायदा अटकावाच्या भरपाईसाठी अनुच्छेद ७३ आहे: अटकाव संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे जून २०२०. मधल्या काळात कोरोनाची साथ आली आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्व मुदतींच्या हिशेबातून वगळला. तुमच्या एक वर्षातले साधारण नऊ महिने त्याआधीच गेले होते, उरलेले तीन महिने १ मार्च २०२२ पासून मोजले तरी जूनच्या आसपास संपतात. दावा जानेवारी २०२४ चा आहे. तुमच्यावर लावलेली कलमे जामीनपात्र असतील, तर दोन रात्री ठेवणे हे उघडच बेकायदा होते, कारण जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायला तयार असलेल्या माणसाला ठाण्यातूनच सोडायचे असते; पण हक्क खरा असला तरी त्याची मुदत गेली आहे. या मागणीवर अपिलात शक्ती खर्च करू नये असे मला वाटते. ती घटना पुराव्यात मात्र राहू द्या, कारण खटल्यामागचा आकस दाखवायला ती उपयोगी पडते.

मारहाणीसाठी मुदत कायद्यात स्वतंत्र अनुच्छेद नाही, त्यामुळे उरलेल्या सर्व दाव्यांसाठी असलेल्या अनुच्छेद ११३ ची तीन वर्षे मागता येतात. ट्रॅक्टर अडवून ठेवणे आणि त्याची नासधूस यासाठी तुम्ही अनुच्छेद ९१ दाखवाल, ज्यात जंगम वस्तू अन्यायाने घेणे, अडकवणे किंवा खराब करणे यासाठी तीन वर्षे आहेत; सरकारी वकील अनुच्छेद ८० दाखवतील, ज्यात कायदेशीर आदेशिकेखालील (कायद्याच्या अधिकाराने काढलेल्या हुकमाखालील) चुकीच्या जप्तीसाठी एकच वर्ष आहे. इथे जुलैचा न्यायालयीन आदेश तुमच्या कामाचा आहे. त्या आदेशानंतर ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात ठेवण्याला जप्तीचा आधार उरलेलाच नव्हता, त्यामुळे त्यानंतरचा ताबा अनुच्छेद ८० मध्ये बसत नाही असा युक्तिवाद सरळ आणि पटणारा आहे. आता तीन वर्षांचा हिशेब करा. जून २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत नऊ महिने, मग कोरोनाचा काळ वगळून उरलेली सव्वादोन वर्षे १ मार्च २०२२ पासून, म्हणजे २०२४ च्या मे-जूनपर्यंत. जानेवारी २०२४ मधला दावा या हिशेबाने मुदतीत बसतो. वादपत्रात कोरोनाकाळाच्या वगळणुकीचा उल्लेख आहे का हे मला माहीत नाही. नसला तरी तारखा वादपत्रात आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सर्वांवर बंधनकारक आहे, म्हणून हा मुद्दा अपिलात पहिल्या क्रमांकावर घ्यावा.

खोट्या खटल्याच्या भरपाईचे, म्हणजे द्वेषबुद्धीने केलेल्या फिर्यादीचे घड्याळ अनुच्छेद ७४ प्रमाणे निर्दोष सुटकेपासून सुरू होते आणि एक वर्ष चालते. मार्च २०२३ ते जानेवारी २०२४ हे दहाच महिने होतात. शिवाय कायद्याने बंधनकारक असलेल्या नोटिशीचा काळ कलम १५ प्रमाणे वगळला जातो. मुदत कायद्यापुरते पाहिले तर ही मागणी निःसंशय मुदतीत आहे.

मग न्यायालयाने दावा मुदतबाह्य का म्हटला? तर बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १६१ मुळे. हा कायदा पूर्वी मुंबई पोलीस कायदा म्हणून ओळखला जात असे. पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल दावा करायचा असेल, तर तो कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत केला पाहिजे, नाहीतर तो खारीज केला जाईल, असे हे कलम सांगते. त्याच कलमात आणखी एक अट आहे, ती म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला किमान एक महिन्याची नोटीस. तुमच्या सहा महिन्यांची मुदत डिसेंबर २०१९ मध्ये, कोरोना येण्यापूर्वीच संपली होती. पोलिसांविरुद्धचे दिवाणी दावे या एका कलमावर जितके पडतात तितके दुसऱ्या कशानेही पडत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. गावाकडे माणूस आधी खटल्यातून सुटण्याची वाट पाहतो आणि मग दाव्याचा विचार करतो, तोवर सहा महिने कधीच उलटून गेलेले असतात.

म्हणून तुमच्या अपिलाचा सारा भार एका प्रश्नावर येतो: ज्या कृत्याबद्दल तुम्ही भरपाई मागता ते कर्तव्याच्या नावाखाली केलेले होते, की कर्तव्याशी त्याचा संबंधच नव्हता? यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. विरुपाक्षप्पा कदमपूर विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात हेड कॉन्स्टेबलने खोटा पंचनामा आणि खोटा अहवाल केल्याचा आरोप होता. पंचनामा करणे हे त्याच्या कर्तव्याचेच काम असल्याने, तो खोटा केला तरी कृत्य कर्तव्याच्या नावाखालीच झाले, असे न्यायालयाने म्हटले आणि सहा महिन्यांचे संरक्षण दिले. त्यानंतर १९६६ सालच्या महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम या प्रकरणात कबुली काढण्यासाठी संशयितांना केलेली मारहाण आणि अटकाव ही कृत्ये कर्तव्याच्या कक्षेबाहेरची ठरली आणि कलम १६१ चे संरक्षण नाकारले गेले. हे दोन्ही फौजदारी खटले होते, पण कलमाचे शब्द दाव्यालाही तेच लागू आहेत.

या दोन निर्णयांच्या मधल्या जागेत तुमच्या मागण्या कुठे पडतात ते पाहा. मारहाण आत्माराम निर्णयाच्या बाजूला स्पष्टपणे पडते. न्यायालयाने सोडण्याचा आदेश दिल्यावरही ट्रॅक्टर न देणे आणि त्याचे सुटे भाग नाहीसे होणे हेही कोणत्या कर्तव्याचा भाग म्हणता येणार नाही. खोटी केस दाखल करणे आणि दोषारोपपत्र पाठवणे मात्र विरुपाक्षप्पा निर्णयाच्या जवळ जाते, आणि तिथे पोलिसांपुरते तुमचे म्हणणे कमजोर आहे हे आधीच कबूल केलेले बरे. त्यातून एक वाट काढता येते: सुटका होईपर्यंत या दाव्याचे कारणच पूर्ण होत नाही, तेव्हा त्याआधी सहा महिने कसे संपतील? वाद घालण्याजोगा हा मुद्दा आहे, पण सुटकेपासून सहा महिने आणि नोटिशीचा काळ धरला तरी जानेवारी २०२४ गाठता येत नाही. शेजाऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तो पोलीस नाही. कलम १६१ चे किंवा शासनाला द्यायच्या नोटिशीचे कोणतेही संरक्षण त्याला मिळत नाही. त्याच्याविरुद्धचा खोट्या फिर्यादीचा दावा अनुच्छेद ७४ प्रमाणे सरळ मुदतीत आहे, तरी तोही खारीज झाला असेल तर निकालातली ही चूक अपील न्यायालयाला पहिल्या वाचनातच दिसेल. आणि वादपत्र तुकड्यांत नामंजूर होत नाही हे वर सांगितलेच आहे.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे, कारण तुमचे वादपत्र मी वाचलेले नाही. पुष्कळ वादपत्रांत ‘प्रतिवादी क्रमांक तीन याने आपले कर्तव्य बजावीत असताना’ असे वाक्य सवयीने लिहिलेले असते. शासनाकडून भरपाई मिळावी म्हणून कृत्य नोकरीच्या ओघात झाले असे दाखवायचे असते, आणि तेच वाक्य कलम १६१ ला आमंत्रण देते. कृत्य कर्तव्यातले म्हणावे तर सहा महिन्यांत अडकायचे, कर्तव्याबाहेरचे म्हणावे तर शासन हात झटकणार, असा हा दुहेरी फास आहे. तो सोडवण्यासाठी नोकरीत असल्यामुळे मिळालेली संधी आणि कर्तव्याचे काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: ठाण्याची खोली, गणवेश आणि ताब्यातली वस्तू ही शासनाने दिलेली साधने होती म्हणून शासन जबाबदार, पण मारणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते म्हणून कलम १६१ नाही. वादपत्रात तसे वाक्य असेल तर अपिलासोबतच वादपत्र दुरुस्तीचा अर्ज करता येईल का याचा विचार करा. घटना त्याच ठेवून त्यांचे वर्णन नेमके करणे एवढीच दुरुस्ती असेल तर ती मागण्यात काही वावगे नाही.

शासनाच्या जबाबदारीवर तुम्हाला १९६५ च्या कस्तुरीलाल प्रकरणाचा दाखला ऐकवला जाईल. मेरठ येथे पोलिसांनी जप्त केलेले सोने एका हेड कॉन्स्टेबलने लंपास केले, तरी पोलिसांचे अधिकार हे सार्वभौम अधिकार असल्याने राज्य जबाबदार नाही, असा तो निर्णय. तो अजून रद्द झालेला नाही, पण त्याची धार पुष्कळ बोथट झाली आहे. गुजरात राज्य विरुद्ध मेमन महंमद या १९६७ च्या प्रकरणात जप्त केलेल्या वाहनांची राखण करणे ही शासनाची जबाबदारी आहे, ते एखाद्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखे आहे, असे ठरले. १९७७ च्या बसव्वा पाटील प्रकरणात पोलीस ठाण्याच्या ताब्यातून गेलेल्या मुद्देमालाची (जप्त वस्तूंची) किंमत मालकाला देण्याचा आदेश झाला. १९९४ च्या नागेंद्र राव प्रकरणात सार्वभौमत्वाची ढाल पुढे करण्यावर न्यायालयाने कडक टीका केली. तुमच्या ट्रॅक्टरला हे निर्णय जवळचे आहेत. कोठडीतील मृत्यूबद्दल १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात दिलेली भरपाई रिट याचिकेतली (मूलभूत हक्कांसाठीच्या याचिकेतली) होती. तो निर्णय उल्लेखावा, पण दिवाणी दाव्याचा मुख्य आधार म्हणून नव्हे.

आता नोटिशीचे. शासन किंवा सरकारी अधिकारी यांच्याविरुद्ध अधिकृत कामाबद्दल दावा लावण्यापूर्वी संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची लेखी नोटीस लागते, आणि शासनासाठी ती सचिव किंवा जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात पोहोचली पाहिजे. तुमची नोटीस पोलीस अधीक्षक आणि ठाणेदार यांनाच गेली होती असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. तसे असेल तर शासनापुरता दोष गंभीर आहे. नोटीस जिल्हाधिकाऱ्यांना गेलेली असेल आणि त्रुटी केवळ मजकुरात असेल, तर त्याच कलमाचे पोटकलम ३ तुमच्या मदतीला येते: वादी कोण आहे हे ओळखता येत असेल, नोटीस योग्य कार्यालयात पोचली असेल आणि दाव्याचे कारण व मागणी ढोबळमानाने कळत असेल, तर निव्वळ चुकीसाठी दावा खारीज करता येत नाही. दोन महिने पूर्ण होण्याआधीच दावा लावला असेल, तर मात्र १९८४ च्या बिहारी चौधरी निर्णयापुढे फार काही चालत नाही. नोटीस हा शासनाचा हक्क असल्याने शासन तो सोडूनही देऊ शकते. म्हणून लेखी जबाबात हा आक्षेप पहिल्याच संधीला घेतला होता का, हे पाहा.

नव्याने दावा लावण्याचा मोह टाळा. वादपत्र नामंजूर झाल्यावर त्याच कारणासाठी नवे वादपत्र देण्यास आदेश ७ नियम १३ ची मनाई नाही हे खरे, पण नव्या दाव्याची मुदत आज मोजली जाईल आणि आज तुमची प्रत्येक मुदत संपलेली आहे. पहिल्या दाव्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो. तो मिळेलच याची खात्री नाही. अपिलात तुमची जानेवारी २०२४ ही तारीख शाबूत राहते.

अपिलाचा मसुदा लिहिताना घटनेची कहाणी पुन्हा सांगू नये. संहितेच्या आदेश ४१ प्रमाणे हरकतीची कारणे थोडक्यात, वेगवेगळ्या क्रमांकांखाली लिहायची असतात, आणि जे कारण लिहिलेले नाही ते नंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही. मी लिहीन तेव्हा मागणीवार मुदत, कोरोनाकाळाची वगळणूक, आत्माराम निर्णय, शेजाऱ्याचे वेगळेपण, वादपत्राचे तुकडे न करण्याचा नियम आणि नोटिशीचे पोटकलम ३, एवढीच कारणे ठेवीन. पोलिसांवर विशेषणे वापरल्याने न्यायाधीशांचे मत अनुकूल होत नाही.

नवा पुरावा जोडण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढे विचाराल. साक्षच झालेली नसल्याने आत्ता त्याची गरज नाही. अपील मंजूर झाले तर दावा परत खालच्या न्यायालयात जाईल आणि पुरावा तिथे होईल. तोवर कागद गोळा करा: ग्रामीण रुग्णालयातील तपासणीची नोंद, सुपूर्तनाम्याचा आदेश, ट्रॅक्टर ताब्यात घेतानाची पावती, मुद्देमाल नोंदवहीचा उतारा, तुम्हाला न्यायालयापुढे हजर केले त्या दिवसाचा रोजनामा. माहितीच्या अधिकारात स्टेशन डायरीचे उतारे मागा. नाकारले तरी नकाराचे पत्र कामाला येते. ट्रॅक्टर घेताना टायर-बॅटरी नसल्याची नोंद पावतीवर केली होती का, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सर्व साहित्य मिळाले अशी सही करून दिलेली असेल, तर तुमची सर्वांत चांगली मागणी साक्षीदारांवर अवलंबून राहील. निर्दोष सुटकेच्या निकालाबद्दलही एक गैरसमज असतो. तो निकाल दिवाणी न्यायालयात फक्त सुटका झाली एवढेच सिद्ध करतो. केस खोटी होती आणि आकसाने केली होती हे तुम्हाला स्वतंत्रपणे दाखवावे लागते, विशेषतः सुटका संशयाचा फायदा देऊन झालेली असेल तर.

खर्चाचे म्हणाल तर अपिलालाही मागणीच्या रकमेप्रमाणे न्यायशुल्क लागते. अटकावाची मागणी सोडून दिली तर तेवढी रक्कम कमी होईल. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतील असाल किंवा उत्पन्न ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. वकील आणि शुल्क दोन्हींची सोय होऊ शकते, आणि १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. मात्र समितीकडचा अर्ज मंजूर होण्याची वाट पाहत अपिलाचे दिवस घालवू नका. नकलेचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या.

माझे एकंदर मत विचाराल तर अपील करावे, पण सहा लाखांची अपेक्षा मनातून काढून करावे. शेजारी आणि ट्रॅक्टर या दोन बाबतींत अपिलाला चांगला आधार आहे, मारहाणीबाबत बऱ्यापैकी आहे, पोलिसांविरुद्धच्या खोट्या केसच्या मागणीबाबत थोडा आहे. नोटीस जिल्हाधिकाऱ्यांना गेलीच नसेल, तर शासनापुरता अंदाज खाली आणावा लागेल, आणि मग जमादाराविरुद्ध व्यक्तिशः मिळालेला हुकूमनामा वसूल कसा होणार हाही विचार करावा लागेल. निकालपत्राची नक्कल मिळाल्यावर त्यातील मुदतीवरचा परिच्छेद, वादपत्रातील ‘दाव्यास कारण केव्हा घडले’ हा परिच्छेद आणि नोटीस कोणाकोणाला, कोणत्या तारखेला पोचली ते जसेच्या तसे लिहून पाठवा. कोणाचीही नावे टाकू नका. कलम १६१ चा उल्लेख निकालपत्रात नसेलच, तर वरच्या मांडणीतला बराच भाग बदलेल.